ऋषिपंचमीची कहाणी आणि न लिहिलेली वर्षे

मराठीत रजोनिवृत्तीविषयी काय लिहिले गेले आहे, असे कोणी विचारले तर आम्ही कादंबऱ्यांच्या कपाटाकडे जात नाही. देवघरातल्या कोनाड्यात ठेवलेल्या कहाण्यांच्या जीर्ण पुस्तकाकडे जातो. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या घरांतून आजही ऋषिपंचमीची कहाणी वाचली जाते. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, स्नान करायचे, सप्तर्षी आणि अरुंधती यांची पूजा मांडायची, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, आणि मग कहाणी ऐकायची. रजस्वला असताना जाणता-अजाणता घडलेल्या स्पर्शदोषाचे हे प्रायश्चित्त. ते घेण्यास प्रामुख्याने प्रौढ स्त्रिया बसत, आणि अनेक घरांत पाळी कायमची गेल्यावरच या व्रताचे उद्यापन होई. स्त्रीच्या आयुष्यातला हा पालट चारचौघांत नोंदवणारा दुसरा विधी आपल्याकडे आम्हांस आठवत नाही. म्हणून या कहाणीकडे व्रतकथा म्हणून न पाहता वाङ्मय म्हणून एकदा पाहावे, असे वाटले.

कहाणीचा गाभा सर्वांस ठाऊक आहे. ब्राह्मणाच्या बायकोने विटाळ पाळला नाही, भांड्यांना हात लावला. पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, आणि दोघेही आपल्याच मुलाच्या दारी येऊन पडले. श्राद्धाचा दिवस आला. खिरीत सर्पाचे विष पडले. कुत्रीने ते पाहिले. ब्राह्मण जेवले तर मरतील आणि मुलाला हत्या लागेल, म्हणून ती पुढे झाली आणि खिरीच्या भांड्याला शिवली. सुनेला राग आला. तिने जळते लाकूड घेऊन कुत्रीची कंबर मोडली. रात्री कुत्री बैलापाशी रडली, बैलाने आपल्या उपाशी दिवसाची हकीगत सांगितली, मुलाने ते ऐकले, तो रानात ऋषींकडे गेला, व्रत केले, आईबाप सुटले.

लहानपणी ही कहाणी ऐकताना आम्हांस विषाचीच भीती वाटे. पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की, कहाणीतला खरा पेच 'शिवण्या'त आहे. मागच्या जन्मी भांड्याला शिवणे हा तिचा अपराध होता. या जन्मी त्याच शिवण्याने ती सारे घर वाचवते. आणि दोन्ही वेळा शिक्षा तिलाच. कहाणी रचणाऱ्याने हा विरोध मुद्दाम योजला असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु शतकानुशतके बायकांनी ही कहाणी बायकांना सांगताना या जागी आवाज जरा खाली आणला असेल, अशी आमची खात्री आहे. घर जपणारा हात आणि घर बाटवणारा हात एकच असतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट सुनेची. त्या स्वयंपाकघरात दोन स्त्रिया आहेत. एकीचा विटाळ चालू आहे, दुसरीचा जन्मापलीकडे गेला आहे. मारणारी धाकटी, मार खाणारी थोरली, आणि मोडते ती कंबर. कहाणीत मुलगा आईचे दुःख ऐकतो, सून ऐकत नाही. व्रतही मुलगाच करतो. बाईच्या शरीराच्या दोषासाठी पुरुषाने केलेले व्रत पुढे बायकांच्याच पदरात कसे आले, याचा खुलासा कहाणी करीत नाही, आणि आपणही कधी विचारला नाही.

ही कहाणी टाकाऊ आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. विटाळाच्या कल्पनेचे समर्थनही करायचे नाही. मुद्दा वेगळा आहे. कहाणीला दोष ठाऊक आहे आणि मुक्ती ठाऊक आहे. पाळी चालू असणे ठाऊक आहे आणि पाळी गेलेली असणे ठाऊक आहे. या दोहोंच्या मधली जी चार, सहा, कधी आठ वर्षे असतात, त्यांचा तिच्यात मागमूस नाही. आणि ही उणीव एकट्या कहाणीची नाही.

आमच्या ग्वाल्हेरच्या घरी आजीची एक वही आहे. हिशेब, पाककृती, मुलांचे जन्म, कुळाचार, सारे एकाच शाईत. त्यात शके १८७४ च्या भाद्रपदात ऋषिपंचमीच्या उद्यापनाची यादी आहे: तांब्याचा कलश, सात ब्राह्मणांचे भोजन, दक्षिणा, लुगडे. ही सारी यादी आडव्या रेघेने खोडलेली असून बाजूला एकच शब्द लिहिला आहे: 'परत'. पुढच्या वर्षी पुन्हा तीच यादी, पुन्हा रेघ, या खेपेस शब्दही नाही. शके १८७६ मध्ये यादी अखेर खोडल्यावाचून राहिली. वही चाळताना ही पाने आम्ही कित्येकदा उलटली असतील. आजी तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची होती, आणि त्या तीन वर्षांत तिच्याविषयी घरात जे सांगितले जाई ते एवढेच, की "तिचा स्वभाव मध्यंतरी फार तापट झाला होता." स्वभाव सर्वांच्या लक्षात राहिला. 'परत' हा शब्द कोणी वाचला नाही.

वैद्यकशास्त्र आज जे सांगते ते या एका शब्दाशी चांगले जुळते. पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे मग मागे वळून म्हणायचे की शेवटची पाळी ती होती. ती चालू असताना ती शेवटची आहे हे कोणासही कळत नाही. त्याआधीच्या वर्षांत अंडाशयातील संप्रेरके सावकाश उताराला लागतात असा समज आहे, तो पुरता खरा नाही. इस्ट्रोजेन उतरते, पुन्हा उसळते, कधी पूर्वीपेक्षाही वर जाते. ज्या महिन्यात अंडे सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन अपुरे पडते, आणि दोन-तीन महिन्यांच्या खंडानंतर एकदम घाबरवून सोडणारा रक्तस्राव होतो. मेंदूतील ज्या भागाकडे शरीराची उष्णता सांभाळण्याचे काम आहे, तो थोड्याशा उष्म्यानेही बावरतो. म्हणून पौषातल्या पहाटे अंगातून वाफा निघतात आणि बाई पांघरूण फेकून देते. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या एका मोठ्या पाहणीत या वाफांचा काळ सरासरी सात वर्षांहून अधिक भरला. सुश्रुताने रजाचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. भारतात आज केलेल्या पाहण्यांत पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास येते. सुश्रुतही आरंभ आणि अंत सांगतो, मधले सांगत नाही. (वर्षाची पंचमी आणि डॉक्टरांचे बारा महिने यांचा मेळ पाहून 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे कोणी म्हणू लागेल, तर त्याने आजीची खोडलेली यादी पाहावी. ठाऊक असते तर खोडावी लागली नसती.)

आता शब्दांकडे येऊ, कारण वाङ्मयात जे नाही ते बहुधा आधी शब्दांत नसते. पाळीसाठी आपल्या घरांत किती शब्द होते! बाहेरची होणे, कडेला बसणे, दूर बसणे, शिवायची नसणे, अडचण, कावळा शिवणे. हे सारे शब्द एकदा नीट ऐकावेत. त्यांत बाई कोठे आहे हे सांगितले आहे. बाईला काय होते आहे हे एकातही नाही. म्हणजे ही भाषा घरातल्या इतरांच्या सोयीची आहे: कोणी कोणापासून किती अंतरावर उभे राहायचे, एवढ्यापुरती. साहजिकच ज्या वर्षांत बाई आज आत, उद्या बाहेर, मग तीन महिने आत, अशी होते, त्या वर्षांना अंतराच्या भाषेत नाव मिळणे शक्य नव्हते. पाळी गेली की 'सुटली' म्हणत. त्यातही सुटका विटाळापासूनची.

शरीराची भाषा मात्र मुळीच नव्हती असे नाही. अंगावरून जाणे, ओटीपोट ओढणे, कंबर धरणे, अंगातून वाफा येणे, जीव घाबरा होणे, हे शब्द बायका बायकांशी बोलत. पण त्यांचे कारण विचारले की उत्तर ठरलेले: उष्णता. मग गुलकंद, मोरावळा, सब्जा. औषध बहुधा निरुपद्रवी होते. उत्तर मात्र सोयीचे होते, कारण उष्णता कोणासही होते आणि तिच्यासाठी वय सांगावे लागत नाही. 'चाळिशी' हा शब्दही पाहा. वयाचे नाव आपण चष्म्याला दिले, आणि ते बायका-पुरुषांत सारखे वाटून टाकले.

'रजोनिवृत्ती' हा ग्रंथांतला शब्द. सभ्य आहे, शांत आहे, आणि आमच्या मते अपुरा आहे. निवृत्ती म्हटले की एक ठरलेली तारीख, हार-तुरे आणि पेन्शन डोळ्यांपुढे येते. फ्रेंच वैद्य गार्दान याने १८२१ मध्ये रूढ केलेला 'मेनोपॉज' हा शब्दही थांबण्याचाच आहे. जपानी भाषेत या काळास 'कोनेन्की' म्हणतात. त्याचा अक्षरार्थ वर्षे पालटण्याचा काळ असा होतो, आणि त्यात पाळीचा उल्लेखच नाही. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, त्या काळाविषयी बोलताना जपानी स्त्रिया अंगातल्या वाफांपेक्षा खांदे आखडण्याविषयी अधिक सांगत. आहार, शरीर, भाषा यांपैकी कशाचा वाटा किती, हा वाद निराळा. पण जिथे काळालाच नाव आहे तिथे बाईला निदान "मी त्या काळात आहे" असे म्हणता येते. आपली बाई काय म्हणते? "मला काही होत नाही."

संस्कृत साहित्यशास्त्राने एका पालटास मात्र अतिशय लाडाने नाव दिले: वयःसंधी. बाल्य सरते आहे, तारुण्य अजून पुरते आलेले नाही. चाल बदलते, दृष्टी बदलते, बोलणे अर्ध्यावर थांबते. या संधीवर कवींनी किती श्लोक खर्चले याची गणती नाही; मैथिलीत विद्यापतीने तर तिचे सोने केले. नायिकांचे मुग्धा, मध्या, प्रगल्भा असे भेद पाडले. प्रगल्भेपुढे शास्त्र थांबते. तिचे प्रगल्भपण शृंगारातले आहे, वयातले नाही. त्यापुढे स्त्री एकदम कुट्टनी होते, दाई होते, नाहीतर आई होते. दुसरी वयःसंधीही तितकीच संधी आहे. तिच्यातही चाल बदलते, दृष्टी बदलते, बोलणे अर्ध्यावर थांबते. परंतु तिच्याकडे पाहणारा कोणी रसिक नव्हता, म्हणून ती शास्त्रात आली नाही. आम्ही हे कडवटपणाने म्हणत नाही. पाहणारा पुरुष होता आणि त्याला जे पाहायचे होते ते त्याने पाहिले. पुढच्या काळात लिहिणाऱ्या स्त्रिया आल्या, तेव्हा तरी हे बदलावयास हवे होते.

ते काही अंशी बदलले. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आले आणि मराठी घरांत खळबळ झाली. नावावरूनच दिसते की ते दुःख कळ्यांचे होते, न उमलण्याचे. गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' १९८० चे. कळीपासून गळत्या पानापर्यंत येण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली. त्याच पुस्तकातल्या एका दीर्घकथेचे नाव 'मध्य लटपटीत' असे आहे. कथेचा विषय निराळा असला तरी आमच्या विषयास याहून नेमके नाव मराठीत दुसरे सुचत नाही. गौरीबाईंनी चाळिशी ओलांडलेल्या, स्वतःच्या देहाची लाज न बाळगणाऱ्या स्त्रीला कथेच्या मध्यभागी आणून बसवले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांच्या मागून आलेल्या लेखिकांनीही प्रौढ स्त्रीचे एकटेपण, मुले दूर जाणे, नवऱ्याशी अबोला, हे पुष्कळ लिहिले. मात्र ते लिहिताना देहाचा हा पालट बहुधा मनाच्या खाती मांडला जातो. बाई रात्री तीनला जागी होते, खिडकीशी उभी राहते, आणि लेखिका तिला तिचा गतकाळ आठवायला लावते. ती घामाने भिजून जागी झाली, एवढे लिहिले असते तर गतकाळ आठवायला लावण्याची गरज पडली नसती, किंवा पडली असती तरी त्याला वेगळे वजन आले असते.

याहून मोठी चूक सासूच्या बाबतीत झाली आहे, असे आमचे मत आहे. मुलीचे लग्न बाराव्या-तेराव्या वर्षी आणि पहिला मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी, असे ज्या काळात होते, त्या काळात घरात सून येई तेव्हा सासू चाळिशीच्या आगेमागे असे. म्हणजे ओवीतली, कहाणीतली, नाटकातली खाष्ट सासू ही म्हातारी नव्हती. ती नेमकी याच लटपटत्या वर्षांत होती. झोप उडालेली, कंबर धरलेली, कधी बाहेरची होईल याचा भरवसा नाही, आणि समोर नव्याने ऋतू आलेली सून, जिच्या कूस उजवण्याकडे साऱ्या घराचे डोळे. यावरून सासुरवास माफ होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जळते लाकूड हातात घेणाऱ्या सासवाही होत्या. परंतु मराठी वाङ्मयाने सासूचे वय कधी मोजले नाही, म्हणून तिचा स्वभाव हेच तिचे एकमेव स्पष्टीकरण होऊन बसले. ऋषिपंचमीच्या कहाणीने निदान तिची मोडलेली कंबर दाखवली.

परभाषेत या विषयावर सरळ चालून गेलेली एक प्रसिद्ध कथा आहे, टोमास मानची. 'दी बेट्रोगेने', म्हणजे फसवली गेलेली, १९५३ सालची. ड्युसेलडॉर्फमधली रोझाली ही पन्नाशीची विधवा. पाळी नुकती थांबलेली, त्याने खिन्न. मुलाला शिकवायला येणाऱ्या तरुण अमेरिकनावर तिचे मन बसते आणि एके दिवशी रक्त पुन्हा दिसते. निसर्गाने आपल्यावर कृपा केली असे ती समजते. रक्त कर्करोगाचे असते. मानने रोझाली आणि तिची चित्रकार मुलगी आना यांच्यात या विषयावर जे दीर्घ संवाद घातले आहेत, तसे आईमुलीचे बोलणे मराठी कथेत आम्ही वाचलेले नाही, आणि त्यासाठी ही कथा मराठीत यावयास हवी. तरीही ती वाचून आमचे समाधान झाले नाही. मानला 'परत' हा शब्द सापडला होता; त्याने त्याची एकच शक्यता पाहिली, भीषण आणि सुंदर. आजीच्या वहीतले परत येणे साधे होते. त्यात ना प्रेम होते ना मृत्यू. कलश परत फडताळात ठेवावा लागला, सात ब्राह्मणांना निरोप पाठवावे लागले, आणि का, ते सांगता आले नाही. असे साधे परत येणे लिहिण्यास मानसारखी प्रतिभा लागत नसेल, परंतु धीटपणा त्याच्याहून अधिक लागतो. एक गोष्ट मात्र मानने खरी सांगितली, आणि ती कथेबाहेरही लक्षात ठेवण्याजोगी आहे: वर्षभर थांबून पुन्हा दिसलेले रक्त डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे न लिहिले गेल्याने वाङ्मयाचे नुकसान झाले असेल, बायकांचे काय झाले? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीगत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत तिशी-पस्तिशीतल्या पुष्कळ होत्या. बुडणारी मजुरी, मुकादमाचा दंड, दवाखान्याने घातलेली कर्करोगाची भीती, ही त्यामागची कारणे वाङ्मयाने दूर होणारी नव्हेत. तेलंगणा आणि आंध्र या राज्यांत पिशवी काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे, हे आपल्या हैदराबादच्या वाचकांनी ऐकले असेल. पण ही गोष्ट फक्त उसाच्या फडातली नाही. आपल्या सुशिक्षित घरांतही पंचेचाळिशीच्या बाईला चार महिने रक्तस्राव झाला की "काढून टाका, आता काय उपयोग" हे वाक्य येते, आणि ते बहुधा घरच्याच बाईच्या तोंडून येते. काही प्रसंगी शस्त्रक्रिया आवश्यकच असते. आवश्यक नसते तेव्हा मात्र "हा काळ आहे, तो जाईल, तोवर उपचार आहेत" असे म्हणण्याला भाषा लागते. 'पिशवी' हा शब्द सर्वांजवळ आहे. काळाला शब्द नाही. आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर जो पालट वर्षानुवर्षे चालायचा तो एका दुपारीत होतो.

आपल्या वस्त्यांत ही अडचण दुहेरी आहे. आपण मराठी टिकवली ती सण, नाटक, ग्रंथालय आणि व्याख्यानमाला यांच्या जोरावर. देहाची मराठी टिकवण्यास कोणतेही मंडळ नव्हते. ती आजीकडून नातीकडे माजघरातून जायची, आणि माजघर गेले. इंदूरची बाई डॉक्टरांपुढे हिंदीत बोलते, बडोद्याची गुजरातीत, बेळगावची कानडीत, आणि पुढची पिढी सर्वत्र इंग्रजीत. त्यात वाईट काही नाही, इलाज कोणत्याही भाषेत होतो. पण घरी येऊन सुनेला, मुलाला किंवा नवऱ्याला सांगायचे असते ते मराठीत, आणि तेव्हा जुना शब्द विटाळाचा म्हणून नको वाटतो, नवा ग्रंथांतला म्हणून जिभेवर येत नाही. मग "काही नाही, जरा डोके दुखते" यावर भागते.

नवा शब्द समितीत बसून घडवावा, असे आम्ही सुचवीत नाही. तसे घडवलेले शब्द कोशात राहतात. जुन्या घरांत काही शब्द असावेतच. कोणाच्या आजीने, मावशीने, शेजारणीने या मधल्या वर्षांस उद्देशून काही म्हटले असेल, एखादी म्हण, एखादा खोचक वाक्प्रचार, कोकणी-कानडी-माळवी वळणाचा का होईना. वाचकांनी ते आठवून या पत्रिकेकडे लिहून पाठवावेत. शब्द कोणत्या गावचा, कोण कोणाशी बोलताना वापरी, एवढे सोबत असावे, घराचे नाव नको असल्यास देऊ नये. पुढील दोन-तीन अंकांत जमेल तशी यादी छापण्याचा विचार आहे. त्या यादीतला पहिला शब्द आजीच्या वहीतून वर दिलाच आहे.